पटिंगची साधनं: गेज हवं, फिक्स्चर नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापूरजवळच्या शिरोलीत मशीन शॉप चालवतात, वय सेहेचाळीस. तीन वर्षांपासून गोल्फ खेळतात, महिन्यातून दोनदा पुण्याला जाऊन अठरा होल करून येतात. वर्षभरात त्यांनी पटिंगसाठी, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चेंडू घरंगळवत होलमध्ये घालण्याच्या सरावासाठी, चार वस्तू घेतल्या: चेंडू परत पाठवणारी आठ फुटी मॅट, पायाशी ठेवायचा आरसा, पटर (पटिंगची काठी) ज्यातून पुढेमागे सरकवायचा ती वक्र रेल आणि पटरला बसवायचा लेझर. घरी दहातले नऊ पट जातात. पुण्यात मात्र प्रत्येक राउंडला सहा-सात थ्री-पट, म्हणजे एकाच होलला तीन पट, ठरलेले. यातलं काय ठेवू, काय काढून टाकू आणि आणखी काही घ्यायला हवं का, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमच्या दहातल्या नऊवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जगातले अव्वल व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. तुम्ही त्याच अंतरावरून नऊ घालताय, म्हणजे त्या आकड्यात तुमच्या हाताशिवाय आणखी कुणाचा तरी वाटा आहे. मॅट रोज तीच, अंतर तेच, मधोमध पांढरी लाइन छापलेली, पटरच्या दोन्ही बाजूंना रेल. एवढ्या बंदोबस्तात चेंडू कपात जाणारच. तो तुम्ही घातला की सामानानं घातला, हे मात्र त्या नऊवरून कळत नाही.

तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगतो, कारण गोल्फ शिकवायला लागण्याआधी मीही अकरा वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये काढली आहेत. फिक्स्चर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पकडून ठेवतं. कामगार कालच लागलेला असला तरी भोक जागेवरच पडतं. गेज काहीच पकडत नाही. काम झाल्यावर ते एवढंच सांगतं की बसला किंवा नाही बसला. कारखान्यात दोन्ही लागतात, पण ग्रीनवर फिक्स्चर नेता येत नाही. म्हणून पटिंगचं कुठलंही साधन घेताना मी एकच बघतो: हे माझी चूक मला लगेच दाखवतंय, की चूक होऊच देत नाहीये? दाखवत असेल तर ते गेज, ठेवावं. होऊ देत नसेल तर ते फिक्स्चर, आणि त्याच्यावर घातलेला वेळ हातात उतरत नाही.

या कसोटीवर तुमची रेल पहिली बाद होते. पटर कुठल्या वाटेनं मागे-पुढे जातो याची काळजी लोक फार करतात. चेंडू कुठल्या दिशेनं सुटणार हे मात्र मुख्यतः फेस, म्हणजे पटरची चेंडूला लागणारी बाजू, ठरवतो. सुटण्याच्या दिशेत फेसचा वाटा ऐंशी टक्क्यांहून जास्त असतो, वाटेचा वाटा थोडका. रेल ती थोडकी गोष्ट सांभाळते, तीही तुमच्या ऐवजी. पटर कडेला टेकून सरकतो, आपल्याला वाटतं स्ट्रोक बसला, आणि फेस दोन अंश उघडा असला तरी त्याबद्दल रेल काही बोलत नाही. विकून टाका.

आता फेसचा हिशोब एकदा नीट बघू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कड ५४ मिलिमीटरवर. तीन मीटरच्या सरळ पटला चेंडू एक अंश चुकीचा सुटला तर होलपाशी पोचेपर्यंत तो ५२ मिलिमीटर सरकलेला असतो. म्हणजे अगदी कडेवर. हळू असेल तर पडेल, जरा जोरात असेल तर कडेला वळसा घालून बाहेर. एक अंश ही तीन मीटरवरची शेवटची हद्द. तुम्ही रोज मायक्रॉनमध्ये काम करता, तुम्हाला हे टॉलरन्स (चालू शकणारी चूक) सैल वाटेल. पण हे टॉलरन्स हातानं, उभ्यानं, वाकून आणि दुसरे तिघे बघत असताना सांभाळायचं असतं.

या एका अंशाचं गेज बाजारातून आणायची गरज नाही, तुमच्याच शॉपमध्ये होईल. २५ मिलिमीटरच्या राउंड बारचे पन्नास-पन्नास मिलिमीटर उंचीचे दोन तुकडे कापा, टोकं सपाट (फेसिंग) करून घ्या म्हणजे सरळ उभे राहतील. शिवाय एक आयताकृती ठोकळा करा, एका बाजूनं ६० आणि दुसऱ्या बाजूनं ५२ मिलिमीटर. मॅटवर चेंडूच्या जागेला मार्करनं ठिपका द्या. ठिपक्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर ठोकळा आडवा ठेवा, दोन्ही बाजूंना बारचे तुकडे चिकटवून उभे करा आणि ठोकळा काढून घ्या. झालं गेट. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे साठच्या गेटात दोन्ही बाजूंना साडेआठ मिलिमीटरच्या आसपास जागा उरते, आणि अर्ध्या मीटरवर साडेआठ मिलिमीटर म्हणजे बरोबर एक अंश. चेंडू न शिवता पार झाला तर तो तीन मीटरवरून होलला सापडणारा होता. शिवला तर टण्ण आवाज येतो, आणि डावा बार वाजला की उजवा, हे मान वर न करताही कळतं. बावन्नच्या गेटाला हीच हद्द अर्ध्या अंशावर येते. साठमधून सलग वीस पार होईपर्यंत बावन्नला हात लावू नका.

ठिपका महत्त्वाचा आहे. चेंडू दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे ठेवलात तर गेज खोटं बोलायला लागतं, आणि खोट्या गेजवर केलेला सराव हा न केलेल्या सरावापेक्षा वाईट.

हा अनुभव मी एक अख्खा पावसाळा देऊन घेतला आहे. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर बाहेर काही करता येत नाही, म्हणून त्या वर्षी मी सोप्यात मॅट टाकून रोज रात्री तासभर पटिंग केलं. चार महिन्यांत हात असा बसला की तीन मीटरवरून चेंडू चुकायचाच नाही. ऑक्टोबरात पुण्याला गेलो आणि सरळ पट एकामागून एक उजवीकडून बाहेर. पहिल्या नऊ होलांत चार. आधी डोळ्यांवर संशय घेतला, मग पटरवर, मग पकडीवर. घरी येऊन सहज मॅटखाली पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका बाजूला. जुन्या घराची शहाबादी फरशी, धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून गवंड्यानं बरोबर उतार दिलेला. मोरी डावीकडे. चार महिने मी तो उतार भरून काढत दोन बोटं उजवीकडे मारायला शिकलो होतो आणि ते माझ्या नजरेला सरळ दिसायला लागलं होतं. ती सवय जायला पुढचे सहा महिने लागले. म्हणून मॅट टाकायच्या आधी पाणसळ लावा, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे. उतार निघाला तर जागा बदला किंवा खाली पुठ्ठे सारून सपाट करा.

मॅटबद्दल आणखी दोन गोष्टी. तुमची मॅट टोकाला चढ असलेली असणार, चेंडू परत यावा म्हणून. त्या चढावर जाण्यासाठी चेंडू जरा जास्तच मारावा लागतो आणि हात तेवढं मारायला शिकतो. चढाचा भाग घडी घालून मागे टाका आणि सपाट जागेवर पाच रुपयांचं नाणं ठेवून त्याच्यावर पट करा. नाण्यावरून जाऊन चेंडू साधारण एक-दीड फूट पुढे थांबला पाहिजे. हा आकडा माझ्या मनचा नाही. नासात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ डेव्ह पेल्झ यांनी पटिंगचा बराच अभ्यास केला आणि होल हुकल्यावर चेंडू १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर पुढे जाईल एवढा वेग सगळ्यात चांगला, असं मांडलं. ग्रीनप्रमाणे आकडा थोडा बदलतो यावर पुढे वाद झाले, पण घरच्या सरावाला तो धरून चालायला हरकत नाही. दुसरी गोष्ट, मॅटवरची छापील लाइन. पुण्याच्या ग्रीनवर कुणी लाइन मारून ठेवलेली नसते. मॅट उलटी करून मागच्या बाजूवर पट करा. अर्ध्या लोकांचा नेम त्या एका बदलानं हलतो, आणि तो हललेला दिसणं हाच त्या सरावाचा फायदा.

आरसा ठेवा. तो खरं गेज आहे. ॲड्रेस घेतल्यावर, म्हणजे फटक्यासाठी चेंडूपाशी उभं राहिल्यावर, डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा थोडे आत, आणि खांद्यांची रेघ आरशावरच्या रेघेला समांतर, एवढंच त्यात बघायचं. डोळे बाहेर गेले किंवा फार आत राहिले की सरळ लाइन तिरकी दिसायला लागते आणि माणूस हातानं ती दुरुस्त करतो. पण आरसा बघत शंभर पट करू नका. रोज दोन मिनिटं, दहा वेळा उभं राहायचं, बघायचं, बाजूला व्हायचं, परत उभं राहायचं. डोळे मिटून उभे राहा आणि मग उघडून तपासा. शरीराला जागा सापडतेय की नाही हे तेव्हाच कळतं.

लेझर तुम्ही घेतलाच आहे तर त्याचा एक उत्तम उपयोग सांगतो, पटरवरून काढून. पटरच्या फेसवर मधोमध नखाएवढा आरशाचा तुकडा दुहेरी चिकटपट्टीनं बसवा. चेंडू ठेवून तीन मीटरवरच्या कपाकडे नेम घ्या. मग चेंडू उचला, पटर जागचा हलवू नका, आणि घरातल्या कुणाला तरी कपाच्या जागेवरून लेझर त्या आरशावर टाकायला सांगा. फेस लाइनीला गुण्यात असेल तर किरण कपाच्या सरळ वर परत येतो. वर, कारण पटरला तीन-चार अंशांचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कल, असतो. तीन मीटरवर तो किरण जमिनीपासून गुडघ्याखाली, फूट-सव्वा फुटावर पडतो. म्हणून कपामागे एक उभा पुठ्ठा ठेवा आणि त्यावर मधोमध उभी रेघ मारा. यातली खुबी अशी की परावर्तनामुळे चूक दुप्पट दिसते. फेस एक अंश उघडा असेल तर ठिपका रेघेपासून दहा सेंटिमीटरवर पडतो, लपूच शकत नाही. लेझरच्या वाटेत कुणाचे डोळे येऊ देऊ नका, लहान मुलांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवा. हे महिन्यातून एकदा पुरे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण स्वतःला सरळ वाटणारा नेम सतत एकाच बाजूला घेत असतात, आणि पटर बदलला, डोक्यावरची रेघ वेगळी असलेला घेतला, की ती बाजूही बदलते. पटर विकत घेण्याआधी ही परीक्षा करता आली तर जरूर करा.

स्टीलची एक मीटरची फूटपट्टी तुमच्या शॉपमध्ये असेलच. तिच्या एका टोकाला चेंडू ठेवून दुसऱ्या टोकापर्यंत तो न पडता घरंगळत गेला पाहिजे. नेम मोजायला गेटाइतकीच चांगली, फक्त पट्टी वाकलेली नको. आणि फटका मधोमध बसतोय का हे बघायला पटरच्या फेसवर एक इंच अंतर सोडून दोन रबरबँड गुंडाळा. मधला इंच सोडून चेंडू लागला की तो मेल्यासारखा सुटतो.

हे सगळं दिशेचं झालं. तुमचे थ्री-पट मात्र दिशेमुळे होत नाहीत असा माझा अंदाज आहे. दहा-बारा मीटरवरून पहिला पट मारल्यावर चेंडू होलच्या बाजूला तीन मीटर कुणाचाच जात नाही, अगदी नवशिक्याचासुद्धा. तो दोन मीटर आखूड राहतो किंवा दोन मीटर पुढे जातो. मग त्या परतीच्या पटला व्यावसायिकसुद्धा निम्म्याच्या थोडेच वर असतात. तुमच्या चारही वस्तूंपैकी एकही अंतर शिकवत नाही. आठ फुटी मॅट शिकवूच शकत नाही.

यासाठी मांडववाल्याकडून ते हिरवं पातळ कार्पेट दहा-बारा मीटर लांब आणा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शॉप फ्लोअर रिकामा असतो, तिथं पसरा. तीन, पाच, सात आणि नऊ मीटरवर खडूनं रेघा मारा आणि एकाच अंतरावर लागोपाठ दोन पट करू नका. नऊ, मग तीन, मग सात, मग पाच, मग पुन्हा नऊ. चेंडू थांबायच्या आत, नजर वर न उचलता, मोठ्यानं सांगायचं: आखूड, बरोबर, लांब. मग बघायचं. हे बोलणं सोडू नका, ते या सरावाचं सगळ्यात मोलाचं अंग आहे. हाताला काय वाटलं आणि प्रत्यक्षात काय झालं, यातली फट त्यातून बुजते. पहिल्या आठवड्यात तुमचा अंदाज आणि चेंडू यांचा मेळ बसणार नाही. तिसऱ्या आठवड्यात बसायला लागेल.

कार्पेटचा वेग पुण्याच्या ग्रीनसारखा नसणार, त्याला उपाय आहे. १९३५ सालची यूएस ओपन ही स्पर्धा अमेरिकेतल्या ओकमाँटच्या मैदानावर झाली, तिथल्या ग्रीनचा वेग पाहून एडवर्ड स्टिम्पसन या गृहस्थांनी वेग मोजायची लाकडी पट्टी तयार केली. पुढे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं ती सुधारून ॲल्युमिनियमची केली. आज तिला स्टिम्पमीटर म्हणतात: ३६ इंची पन्हळ, तीस इंचांवर खाच, एक टोक उचलत गेलं की साधारण वीस अंशांवर चेंडू आपोआप सुटतो आणि किती फूट गेला ते मोजायचं. तशीच पन्हळ तुम्ही ॲल्युमिनियमच्या अँगलमधून करू शकता. खऱ्याची व्ही १४५ अंशांची असते आणि अँगल ९० चा, त्यामुळे तुमचा आकडा बाहेरच्या कुठल्या आकड्याशी जुळणार नाही, पण स्वतःच्या तुलनेला चालतो. घरी कार्पेटवर तीन वेळा या बाजूनं, तीन वेळा त्या बाजूनं चेंडू सोडून सरासरी काढा. पुण्यात क्लबची परवानगी घेऊन सरावाच्या ग्रीनवरही तेच करा. घरी दोन मीटर जाणारा चेंडू तिथं अडीच मीटर गेला तर ग्रीन सव्वापट पळतंय, आणि पहिली दहा मिनिटं काय शिकायचं ते कळलं. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर पात्यांचा रोखही बघा. एका बाजूनं बघितल्यावर ग्रीन चकाकतं, दुसऱ्या बाजूनं काळपट दिसतं. चकाकत्या बाजूनं चेंडू पळतो, काळपट बाजूनं अडतो. हे कुठलंही साधन सांगत नाही.

पटिंगचं मोल किती, यासाठी भारताची गोल्फपटू अदिती अशोक आठवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, ती चौथी आली, कांस्यपदकापासून एका स्ट्रोकवर. टी-वरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याला, तिचा चेंडू मैदानातल्या सगळ्यात आखूड पडणाऱ्यांपैकी होता. चार दिवस तिला तिथं धरून ठेवलं ते पटरनं.

साधनं कशी वापरायची इतकंच ती कधी काढायची हेही महत्त्वाचं. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघा संशोधकांनी १९८४ साली हालचाली शिकण्यावरचे प्रयोग एकत्र करून दाखवलं की प्रत्येक प्रयत्नानंतर चूक-बरोबर सांगितलं तर सराव करताना कामगिरी छान दिसते, पण सांगणं बंद झालं की ती घसरते. तुमचं घर आणि पुणं यांच्यातलं अंतर नेमकं हेच आहे. म्हणून गेट लावून पाच पट, गेट काढून पाच पट. गेटाशिवायच्या पाचांत प्रत्येक चेंडू वेगळ्या जागेवरून, प्रत्येक वेळी मागे जाऊन लाइन बघून. आपल्या जिल्ह्यात हे समजायला लांब जावं लागत नाही. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलचं कांस्य जिंकलं. रायफल आणि पिस्तूलवाले गोळी न भरता तासन्‌तास नेम आणि चाप यांचा सराव करतात, कधी कधी समोर निशाणाचा कागदसुद्धा नसतो. तुम्हीही आठवड्यातून एक दिवस कप आणि नाणं काढून टाका आणि नुसत्या फरशीवर, चेंडूच्या मागच्या एका बिंदूवर नजर ठेवून, चेंडू सुटल्यानंतरही ती तिथंच ठेवून स्ट्रोक करा.

नियमाचं एक सांगून ठेवतो, कारण स्पर्धेत यावरून दंड झालेले मी पाहिले आहेत. राउंड चालू असताना सरावाचं साधन किंवा नेमाची काठी वापरून स्ट्रोक किंवा सरावाचा स्विंग करता येत नाही. नियम ४.३. पहिल्या वेळी दंड, दुसऱ्या वेळी बाद. लाइन दाखवायला ग्रीनवर काही ठेवणंही चालत नाही. चेंडूवर रेघ मारून ती लाइनीला लावणं मात्र चालतं, आणि तुम्ही ते करावं.

तेव्हा रेल विका, लेझर महिन्यातून एकदा काढा, आरसा रोज दोन मिनिटं, मॅट उलटी. नवीन काही विकत घेऊ नका, कार्पेट सोडून; ठोकळा आणि बार शॉपमध्येच होतील. पुढच्या वेळी पुण्याला टी-ऑफच्या पाऊण तास आधी पोचा. त्यातली तीस मिनिटं नऊ मीटरपलीकडचे पट करा, होल न बघता ग्रीनच्या कडेकडे. शेवटची दहा मिनिटं एक मीटरचे. गेटाचे बार गाडीतच राहू द्यात. चार राउंडनंतर थ्री-पटांचा आकडा आणि प्रत्येक थ्री-पटमधला पहिला पट किती मीटरचा होता, आखूड राहिला की लांब गेला, एवढं लिहून पाठवा. त्यावरून पुढचं बोलू.